वही शिपायानं नेली नव्हती

माझं शिक्षण दोन यत्ता, तेही उर्दूत. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूची होती. घरात मराठी बोलायचं आणि पाटीवर अलिफ-बे काढायचं. बायको लग्न होऊन बेंबळीला आली ती सोलापूरकडची, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातली, चार यत्ता मराठी शिकलेली. तिनं लिहिलेलं मला वाचता येईना, मी लिहिलेलं तिला.

मी म्हणायचो, "तुझी अक्षरं दोरीवर धुणं वाळत घातल्यावानी दिसतात."

"आन् तुमची? मुंग्याच्या रांगंवर कुणी पाय दिल्यावानी."

तिला जाऊन चार महिने झाले. ती असताना सांगायला पाहिजे होतं ते आता सांगतोय. त्याला काय अर्थ आहे ते मलाच माहीत नाही.

जात्यावर सगळ्याच बाया ओव्या म्हणायच्या. पण त्या आईच्या, सासूच्या ऐकलेल्या म्हणायच्या. ही स्वतःच्या रचायची. माहेराहून येताना तिनं एक कोरी वही आणली होती. दळण झालं की हातसुद्धा न धुता लिहायला बसायची. पानांच्या कडंला पिठाची बोटं उमटलेली असायची. त्या वहीतलं मला ओळखू यायचं ते तेवढंच.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या आधीचं वर्ष. रझाकारांच्या भीतीनं माणसं घरं सोडून सोलापूरकडं निघाली होती. मराठी वर्तमानपत्र तिकडून लपूनछपून यायचं, आलं तरी वाचणारे दोघं-तिघं. बायांना खबर कळायची ती जात्यावर. कुणाच्या घराला कुलूप लागलं, कुणाचा भाऊ सरहद्दीपलीकडं निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत गेला, ते सगळं ही ओवीत घालायची. हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, तिथं शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्यांची गाठोडी सोडून बघायचा. माहेराहून परत आली त्या आठवड्यात तिनं रचलं,

करोडगिरीचा शिपाई, पुसे गाठोड्यात काय
माहेराची माती बापा, तिला जकात न्हाय

आठ दिवसांत ही ओवी गल्लीतल्या चार जात्यांवर गेली. मला अभिमान वाटायला पाहिजे होता. मी घाबरलो.

त्यातच बाजारात ऐकलं, शेजारच्या गावात झडती झाली, एकाच्या घरात सोलापूरचे कागद सापडले, त्याला धरून नेलं. बाजार तसाच टाकून मी घरी आलो. टळटळीत दुपार. माय आणि बायको दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेल्या. वही उतरंडीत असायची, वरून तिसऱ्या मडक्यात, तुरीच्या डाळीखाली. काढली. पानं उलटली. यातलं काय घातकी आणि काय साधं, मला काय कळणार? वाचता आलं असतं तर चार पानं फाडली असती आणि बाकीची ठेवली असती.

जाळायला माझा हात धजेना. अक्षराला आमच्यात पाय लागला तर नमस्कार करतात. जुनी पोथीसुद्धा जाळत नाहीत, पाण्यात सोडतात. मी शहाण्यासारखा तोच रिवाज पाळला. धोतराच्या फडक्यात वही बांधली, आत एक धोंडा घातला, पाया पडलो आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीत सोडली. तीच वही मडक्यात घालून बांधाला पुरली असती तर चार पावसाळे टिकली असती. ते सुचलंच नाही. पाया पडायचं मात्र बरोबर सुचलं.

दिवस मावळायच्या आत दोघी आल्या. बायकोनं डाळीला हात घातला.

"अवो, वही कुठं हाय?"

विहिरीचं सांगायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. "झडती झाली. चौकीचा शिपाई आलता. घिऊन गेला."

"तुमी काय बोलला न्हाय?"

"काय बोलू? बंदूक होती त्याच्यापाशी."

तिनं डाळीचं मडकं खाली ठेवलं. मग जवळ आली, माझ्या दोन्ही दंडांवरून हात फिरवला, पाठ बघितली. "तुमाला मारलं न्हाय ना?"

त्यापेक्षा तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

निजामाचं राज्य गेलं. गावच्या चौकीला शिपाई एकच होता, तो गावातच राहिला. नोकरी गेली, पेठेत सायकली दुरुस्त करू लागला. एकदा आडावर त्यानं रामराम घातला तर ही भर बायांत त्याच्यावर उलटली. "माझी वही गिळलीस, आन् रामराम घालतोस व्हय रं? हात झडतील तुझे!"

तो बिचारा दोन पावलं मागं सरला. "भाभी, मैं तुमारे घर की चौखट भी नै देखा." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मी घागर भरत होतो. "तुम बोलो ना भाई, मैं आया था क्या?"

सगळा आड माझ्याकडं बघत होता.

मी म्हणालो, "जाऊ द्या आता. झालं गेलं."

त्या दिवसांत मुसलमान माणसाला गावात तोंड वर करून बोलायची सोय नव्हती. माझ्या त्या चार-पाच शब्दांनी त्याच्यावर शिक्का बसला. दोन वर्षांनी तो बायकापोरांना घेऊन हैदराबादकडं गेला. मग मी सायकल पंक्चर झाली तरी ढकलत घरी आणायचो, दुसऱ्याकडं न्यायचा जीव होत नव्हता.

पुढं सगळा कारभार मराठीत आला. तिनंच मला बाराखडी शिकवली. चुलीपुढं राखेत बोटानं गिरवून घ्यायची. मी चुकलो की हसायची, "दोन पोरांचा बाप झाला, आन् ढ आजून उलटाच." मला वाचता यायला लागलं तेव्हा घरात वाचण्यासारखं तिचं काही उरलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली, गाळ काढायला माणसं लावली. मी पण उतरलो. ती वरून ओरडत होती, "तुमी कशाला उतरता, दम लागतो तुमाला!" गुडघाभर चिखलात मी दिवसभर हात फिरवला. विहिरीत धोंडे काय थोडे असतात?

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर काही वर्षांनी कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आल्या. निजामाच्या शेवटच्या वर्षात इकडं मराठीत कुणी काय लिहिलं, ते त्या गोळा करत होत्या. बायकोला पाच-सहा ओव्या आठवल्या. बाकीचं विचारलं तर म्हणाली, "वही शिपायानं नेली." बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

पुस्तक छापून आलं. त्यात हिचं नाव आणि खाली लिहिलेलं, की हिची हस्तलिखित वही निजामाच्या पोलिसानं जप्त केली. आल्यागेल्याला ती पान उघडून दाखवायची. अख्ख्या आयुष्यात तिचं नाव छापलेलं ते एकदाच. मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

परवा लेकीला सांगितलं.  ती म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या, आबा. मायला खरंच वाटत होतं ते. आता तिला लहान कशाला करता?"

"तिला न्हाय लहान करत. मला करतोय."

"लोक हसतील."

"हसू दे की."

हे मी त्या बाईंना पाठवतोय. पुस्तक परत छापलं तर तिचं नाव आहे तिथंच ठेवा, ओव्याही ठेवा. तेवढा शिपाई काढा. त्याच्या जागी नवरा लिहा.