आत कोणी हाय काय?

कोणताही पाइप उघडण्याआधी साहेबरावभाऊ त्यावर पान्यानं टकटक करायचे आणि विचारायचे, "हाय काय बावा कोणी आत?" सौंसरजवळच्या आमच्या साबण कारखान्यात ते फिटर होते, मी देखभाल विभागाची सुपरवायझर. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माणूस जरा सटकलेला आहे.

दुसरी सवय म्हणजे, पाइपांच्या जोडावरचा आपल्यापासून सगळ्यात लांबचा बोल्ट आधी सैल करायचा, जवळचा शेवटी. "आत कास्टिक उरलं असंन तं थे तिकडं जाईन. माह्या थोबाडाशी त्याचं काय काम?" त्या थोबाडावर त्यांचा फार जीव. मिशीला रोज तेल.

एकदा कातडी जाळणाऱ्या कास्टिक सोड्याची लाइन तुंबली. जेवणाच्या सुट्टीआधी चालू करून देते, असं मी मॅनेजरला सांगून बसले होते. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, लाइन रिकामी, अशी कामाच्या परवान्यावर टेबलाशी बसूनच सही केली. वर साहेबरावभाऊंच्या मागे लागले, "अहो, जवळचाच खोला, पटकन होईल."

"रिकामी हाय हे तुमाले पाइपानं सांगतलं काय? सेफ्टीचा चष्मा घाला अन् माह्या मांगं उभ्या राहा."

लांबचा बोल्ट सैल झाला आणि कास्टिकची पिचकारी थेट समोरच्या भिंतीवर. जवळचा खोलला असता तर ती आमच्या तोंडावर आली असती. तरी भिंतीवरून उडालेले थेंब माझ्या मनगटावर पडलेच.

पॅकिंगमधला रमेश डब्यातलं अर्धं संत्रं घेऊन धावत आला. "म्याडम, पिळा! आंबटानं खार मरते!" मीही हात पुढे केला, विज्ञान शिकलेली बाई!

"बांगड्या काढा पयले!" साहेबरावभाऊ ओरडले आणि मला ढकलतच लाइनजवळच्या आणीबाणीच्या शॉवरखाली घेऊन गेले. "आंबट इकडून, खार तिकडून, अन् जत्रेतल्या दगडफेकीवानी गोटमार तुमच्या मनगटावर? निरं पानीच पायजे!"

मी कपड्यांसकट भिजतेय, अख्खी शिफ्ट दात काढतेय.

"झालं का हो?"

"सात मिन्टं झाले. वीस पायजे." घड्याळाकडे बघत त्यांनी ते संत्रं माझ्यासमोर उभं राहून खाल्लं. "गोड हाय म्याडम. कायले वाया घालवत होत्या?" वीस मिनिटं भरल्यावरच मला दवाखान्यात पाठवलं.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात हातात माइक आला, तर आधी त्यावर टकटक. "हाय काय कोणी आत?" हसण्यात त्यांचं भाषण राहूनच गेलं.

माझ्या मनगटावर मसुरीएवढा डाग आहे. आता सही टेबलावर होत नाही. लाइनपाशी जाते, चष्मा लावते, पान्यानं टकटक करते. नवे फिटर एकमेकांकडे बघतात, बाई जरा सटकलेली आहे म्हणून. बघू देत. लांबचा बोल्ट सैल होईपर्यंत मी तिथून हलत नाही.