पिवळी जर्सी

मी कॉलेजात झाडलोट करते. फुटबॉलच्या मुलांच्या जर्स्या धुवायचं काम मात्र मी आपणहून मागून घेतलं. घरी मी एकटी. दोरीवर एक साडी, एक परकर. सोमवारी तिथे अकरा जर्स्या लागल्या की घरात माणसं आल्यासारखं वाटायचं. दहा निळ्या, एक पिवळी.

मॅच कधी पाहिली नव्हती. पण हरले की जर्स्या उलट्या, गोळा करून पिशवीत कोंबलेल्या यायच्या. बहुतेक तशाच यायच्या.

खडकीच्या टीमची मुलं लहानपणापासून मैदानावर वाढलेली. कॅम्पातल्या मुलांचे बूट दरवर्षी नवे. आमची मुलं विदर्भातून शिकायला आलेली, सदाशिव पेठेत एका खोलीत चौघं, मेसचा डबा. आमचा कॅप्टन म्हणायचा, "आपली पण ओळख आहे, मावशी. शेवटून पहिले."

यंदा आमच्या खेळाच्या सरांनी सांगून टाकलं, खडकीशी निदान बरोबरी करा, नाहीतर पुढच्या वर्षी टीम बंद. ते ऐकल्यापासून मला माझी रिकामी दोरी दिसायला लागली.

त्याच आठवड्यात पिवळी बगलेत फाटली. ती गोलकीपरची. अबोल मुलगा, माझ्यासारखाच. मला कायम वाटायचं, निळं कापड पुरलं नसेल म्हणून त्याला पिवळं दिलं. त्या बिचाऱ्याला एकट्यालाच का वेगळं पाडायचं? सामानात एक जादा निळी होती. पिवळीवरचा नंबर उसवून मी त्या निळीवर शिवला. कोणाला विचारलं नाही. विचारणं मला जमत नाही.

कपडे वाळायला उशीर झाला, म्हणून मॅचच्या दिवशी मीच पिशवी घेऊन बसने खडकीला गेले. मुलं जर्स्या घालून उभी राहिली तशी पंचांनी विचारलं, "गोलकीपर कोण तुमचा? त्याचा रंग वेगळा लागतो. असा खेळता येणार नाही."

"पिवळी कुठाय, मावशी?" कॅप्टन म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघत होते. "मीच निळी केली," मी म्हणाले. "तो एकटा वेगळा दिसतो म्हणून."

खडकीचे सर हसले. "तुमचा गोलकीपर असून नसल्यासारखाच. आता दिसणारही नाही." मग त्यांनी पिशवीतून एक नारिंगी जर्सी काढून दिली. "परत नाही केलीत तरी चालेल. आमच्याकडे पेटीभर आहेत."

मला मान वर करवेना. गोलकीपर नारिंगी जर्सी चढवत म्हणाला, "मावशी, बॉलला हात लावायची परवानगी मला एकट्यालाच असते. म्हणून लांबून ओळखू यावं लागतं."

"एकटं नाही वाटत?"

"वाटतं की. सगळे पुढे पळतात, मी इथेच. पण बॉल आला की सगळे माझ्याकडेच बघतात."

मी जाळीच्या मागे उभी राहिले. त्याने किती बॉल अडवले, मोजले नाहीत. शेवटी शेवटी एक त्याच्या बोटांना लागून आत गेला. तेवढ्या एकानेच हरलो.

त्या दिवशी जर्स्या घड्या घालून परत आल्या. नारिंगी धुवून मी खडकीला पोचवली. निळ्या जर्स्या आमच्या सरांनी कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं.

पिवळी मात्र माझ्याकडे राहिली. बगल शिवली, नंबर जिथल्या तिथे लावला. घ्यायला कोणी आलं नाही. सोमवारी मी ती धुते, मळलेली नसली तरी.