परड्यातल्या बोरी

"काकू, आई गेली," पुतण्या फोनवर म्हणाला. कशानं, हे विचारायची गरजच नव्हती. अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या, दोन्ही किडन्या केव्हाच निकामी झाल्या होत्या. दुखवट्याला जमलेल्या बायका एकच बोलत होत्या, "लई गुणाची बाई. टंचाईत पाण्याचा थेंब वाया घातला न्हाय." हे कौतुक मी उभा जन्म ऐकत आलेय आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

बेंबळीच्या आमच्या घरामागं, परड्यात, गावठी बोरींचं रान माजलं होतं. बोरं आंबटढाण, काटे एक सरळ नि एक वाकडा, पण आम्हा बायकांना तेवढाच आडोसा. तांब्या घेऊन दिवसाउजेडी जाता येईल अशी दुसरी जागा नव्हती. बहात्तरच्या दुष्काळानं पोळलेल्या आमच्या सोसायटीनं पुढं कलमी बोरांची टूम काढली. गावठी झाडं बुंध्याशी तोडायची, नवे फुटवे आले की त्यांवर कलमी डोळे भरायचे. मामंजी, म्हणजे आमचे सासरे, सोसायटीचे पंच. पहिली बाग आपल्याच परड्यात, म्हणून हटून बसले. अक्कांनी सासूबाईंकरवी निरोप धाडला, "एक कोपरा तेवढा ठेवा म्हणावं." का, ते सासऱ्यापुढं कोणती सून बोलेल? पण मामंजींना सगळं कळलं, आणि ते हसले. "रात हाय की! रात कशाला केलीया देवानं?" वर कोयता अक्कांच्याच हातात दिला. मी आकडीनं फांद्या ओढायची, अक्का तोडायच्या. हात रक्ताळले, परडं आरपार दिसायला लागलं.

मग अक्कांनी पाणीच तोडलं. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत अर्धा पेला, बस्स. "अक्का, पाणी प्या की वो," मी म्हणायची. "तुझ्या नवऱ्याला नोकरी लागंल, तू सुटशील," त्या म्हणायच्या. "मला हितंच ऱ्हायाचंय." मी खरंच सुटले, लातूरला गेले.

बोरं लागली तेव्हा मी गावी आले होते. सोसायटीचे पाव्हणे बाग बघायला आले. ओळीनं छाटलेली, शिस्तीत उभी झाडं बघून खूश झाले. मामंजींनी अक्कांना बोलावून सगळ्यांसमोर उभं केलं. "ही आमची थोरली सून. अर्ध्या पेल्यावर दिस काढती!" पाव्हण्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांचे ओठ कोरडे पडून उकलले होते. वाटलं, आता तरी बोलतील... त्यांनी पदर पुढं ओढला. त्या हसऱ्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

पुढं मामंजी गेले, परड्यात संडास झाला, नळ आला. डॉक्टर भरपूर पाणी प्या म्हणून ओरडायचे. "उतरतच न्हाय गं," अक्का म्हणायच्या. शेवटी किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डॉक्टरांनीच पाणी मोजून द्यायला सांगितलं.

परवा बेंबळीला गेले. अक्कांच्या फोटोपुढं पाण्याचा पेला होता, अर्धाच. मी तांब्या उचलून तो काठोकाठ भरला. पुतण्या लगबगीनं आला, अर्धं पाणी तुळशीत ओतलं आणि पेला पुन्हा जागेवर ठेवत मायेनं म्हणाला, "काकू, आईला एवढंच लागतं."