कोरड्या खोलीतले कंद

डेलियाचे कंद वाळूच्या टोपलीत ठेवून सूनबाईनं विचारलं, "बाबा, पावसाळाभर ही टोपली ठेवायला कोरडी जागा कुठं आहे?"

मला निजामाच्या काळातलं औरंगाबाद आठवलं. आमच्या घरातला मी पहिलाच शिकणारा. करमाड गावाहून आलेल्या मला खालाबी या मुसलमान बाईंनी आसरा दिला होता. त्यांच्या घरात न गळणारी एकच खोली होती, आणि तिथं त्यांच्या माहेरच्या लाल डेलियाचे कंद असत. टोपली ओसरीत हलवून त्यांनी ती खोली मला दिली.

"खालाबी, कंद भिजतील की."

"ते झोपलेलेच असतात, बेटा. जागायचं तुला आहे."

मी पुस्तकं मांडली.

भादव्यात कोंब फुटावेत म्हणून खालाबी ओल्या गोणपाटावर कंद मांडायला बसल्या. प्रत्येक कंद अंगठ्याखाली पचपचत होता, कुजका वास सुटला होता. "एक तरी निघंल," म्हणत त्यांनी तळापर्यंत वाळू उपसली. मग हात धुऊन विचारलं, "आज काय पढलास?"

मी घडाघडा धडा म्हणून दाखवला. त्या अंगणात लाल डेलिया पुन्हा फुलला नाही.

सूनबाई अजून वाट पाहत होती. मी टोपली उचलली आणि माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशी नेऊन ठेवली.