सगुणचा मागे घेतलेला राजीनामा

सगुणचा राजीनामा मी मॅनेजरकडे पाठवणार होते. तेवढ्यात सवयीने सांगून टाकलं, "शेवटच्या दिसाक तुमची मेडिकल पॉलिसी बंद जातली. कार्ड परत दी." तो हसत आला होता. ते ऐकून त्याने राजीनामा एक दिवस थांबवायला सांगितलं.

गोव्यात डिचोलीजवळच्या औषध कारखान्यात मी एचआर ऑफिसर होते, सगुण पॅकिंग मशीनवर. मूळ पेडण्यातल्या केरीचा, घर समुद्राला लागून. बायको सुलभा कारखान्याजवळच्या सर्वण गावची, म्हणून नोकरी लागल्यावर बिऱ्हाड सर्वणलाच केलेलं. आता केरीला आई एकटी पडली होती. "आवय निमित्त, मॅडम," तो म्हणाला होता. "म्हाकाच घरा वचपाचें आसा." मीही पेडण्यातलीच, चोपडे गावची, लग्न करून डिचोलीत आलेली. घरी जायची ओढ मला वेगळी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो सुलभाला घेऊन आला. तिच्या हृदयाचा व्हॉल्व्ह लग्नाआधीपासून खराब होता. आता डॉक्टर म्हणत होते, ऑपरेशन लांबवू नका. एवढी वर्षं एकही क्लेम कसा नाही, असं मी विचारलं. तेव्हा सगुणने सांगितलं:

"भरती जातना फॉर्मांत घरच्यांची दुयेंसां विचारिल्लीं. हांवें 'ना' बरयलें. खरें बरयल्यार नोकरी दिवचे नात अशें दिसलें."

घरात कोणाला आजार नाही हे खोटं पकडलं जाईल या भीतीने चौदा वर्षं तो तिचे रिपोर्ट आणि गोळ्या स्वतःच्या खर्चाने गुपचूप करत होता. तो फॉर्म तर आमच्याच फाइलमध्ये पडून होता, विमा कंपनीने कधी मागितलाही नव्हता. ग्रुप पॉलिसी म्हणजे सगळ्या कामगारांची मिळून एक पॉलिसी. आमच्या पॉलिसीत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होते. मी त्याला चांगलंच झापलं. झापताना लक्षात आलं, हे आम्हीही कधी कोणाला नीट सांगितलं नव्हतं.

खोटी माहिती दिली म्हणून मॅनेजर थोडे तापले, पण ऐकलं त्यांनी. सगुणने राजीनामा मागे घेतला. ऑपरेशन झालं, क्लेम पास झाला. महिन्याभराने सगुण पुन्हा राजीनामा घेऊन हजर.

पण व्हॉल्व्ह बसवला की प्रकरण मिटत नाही. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, आणि कधी ॲडमिट व्हावं लागेल ते सांगता येत नाही. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी काही वर्षं थांबावं लागतं, त्याला वेटिंग पीरियड म्हणतात. ग्रुपमधून बाहेर पडताना त्याच कंपनीकडे स्वतःची पॉलिसी मागता येते. आम्ही मागितली. सुलभाचे रिपोर्ट पाहून त्यांनी नकार कळवला.

तो कागद सगुणने दोनदा वाचून घेतला. मग विचारलं, "बायल खंय रावता, तें पॉलिसी विचारता?"

"ना," मी म्हटलं. "तुजी नोकरी आसा मेरेन ती खंयूय रांव."

कव्हर सगुणच्या नोकरीवर होतं, ती कुठे राहते त्यावर नाही. तब्येत सुधारल्यावर सुलभा केरीला गेली, सासूच्या सोबतीला. सुपारीच्या बागेत वाढलेली ती, तिला समुद्राची भीतीच वाटायची. सगुण नोकरी टिकवायला सर्वणला राहिला, तिच्या माहेरच्या गावात. आठवड्याच्या सुट्टीला दोन बस बदलून केरीला जायचा आणि सोमवारी फर्स्ट शिफ्टला परत. मला त्या दिवसांत माझ्याच नोकरीचा राग यायचा. मी नियमाप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं, आणि तरी ज्याला घरी जायचं होतं तोच मागे राहिला होता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तो कँटीनच्या मागे फोन कानाला लावून उभा दिसला. बोलत काहीच नव्हता. लाइन गेली का, म्हणून मी विचारलं.

"ना मॅडम," तो म्हणाला. "तिका सांगलां, फोन मातसो जनेलार धर." केरीच्या घराच्या खिडकीतून समुद्राची गाज ऐकू येते.

मी रिटायर झाले तेव्हा त्याच्या नोकरीची सहा वर्षं बाकी होती. तोवर भरतीला येणाऱ्या प्रत्येकाला मी फॉर्म भरतानाच सांगत असे: आजार लपवू नका, आणि राजीनामा लिहिण्याआधी घरातलं आजारी माणूस कोणाच्या पॉलिसीवर आहे ते बघा. सगुणचं नाव मी घेत नसे.