पाठीवरचं जपान

आमच्या घराण्यात बी.ए. झालेलं पहिलं माणूस मी. बायांमधलं नव्हे, सगळ्यांमधलं. लोक विचारतात, वडील शिकलेले होते का? नव्हते. वांगी-मिरच्या पिकवायचे आणि बाजाराला नांदुऱ्याला न्यायचे. मग त्यांनी तुम्हाला कॉलेजात कसं घातलं? मी सांगते, जपानमुळे. लोकांना वाटतं बाई चेष्टा करतेय.

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. मी अकरावीत होते, म्हणजे मॅट्रिकला. आमचं गाव धामणगाव बढ्याच्या पलीकडे. गावच्या शाळेत पी.टी.चे एक सर नवीन आले होते. त्यांनी पेपरात वाचलं, की आशियातल्या देशांच्या बायका व्हॉलीबॉल खेळायला एका ठिकाणी जमल्यात. बातमी दोन बोटांएवढी, पण सरांनी ती वर्गात तीनदा वाचली. जपानच्या बायका जमिनीवर लोटांगण घालून चेंडू उचलतात, असं ते सांगायचे. त्यांनीही ते पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं.

मग त्यांनी ठरवलं, सव्वीस जानेवारीला आपल्याही गावात देशादेशांची स्पर्धा घ्यायची, पोरींची. आठवीपासूनच्या सगळ्या पोरी धरल्या तेव्हा कुठे चार संघ झाले. चिठ्ठ्या केल्या. भारत, जपान, कोरिया. चौथी चीनची करायची होती, पण लढाई ताजी होती, चीन व्हायला कोण तयार होणार? सरांनी ब्रह्मदेश केला. चिठ्ठ्या सरांच्या टोपीत टाकल्या आणि आमच्या वाट्याला जपान आलं. भारत गेला सरपंचाच्या पुतणीकडे. ती माझ्याच वर्गातली, अंगानं दणकट.

नेट म्हणून भोयांचं जुनं जाळं बांधलं. पहिले दोन दिवस मैदानाला मासळीचा वास येत होता. कपड्यांचं कोणी काही सांगायची गरजच पडली नाही. आमच्याकडे बाया कापूस वेचायला जाताना लुगडं वर खोचतात आणि अंगावर नवऱ्याचा नाहीतर बापाचा जुना सदरा चढवतात, पऱ्हाटीनं ओरबाडू नये म्हणून. आम्ही तसंच केलं. मी बाबांचा पांढरा सदरा घेतला. तो जुना नव्हता, बाजाराला जाताना घालायचा होता, पण पांढरा तेवढाच होता. सरांनी पुस्तकात जपानचं निशाण दाखवलं आणि मी सदऱ्याच्या पाठीवर कावेनं भाकरीएवढा लाल गोळा काढला.

आता घरातली गोष्ट सांगते. आत्यानं नांदुऱ्याकडचं एक स्थळ आणलं होतं. दुकान, पक्कं घर, मुलगा एकुलता. सरांना वाटत होतं मी मॅट्रिकनंतर बुलढाण्याला कॉलेजात जावं, वसतिगृहात राहावं. ते तसं बाबांना सांगायला वाडीत आले. बाबा मिरच्यांना पाणी देत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, पोरगी हुशार आहे हे मले माईत आहे. पण परक्या गावात एकटी ठेवायची म्हंजे हुशारी पुरत नाही. सव्वीस जानेवारीले येतो. चार लोकांत उभी राह्यते का पाहतो. मंग पाव्हण्याइले काय सांगायचं ते सांगतो."

म्हणजे मला कॉलेज मिळणार की सासर, ते त्या मैदानावर ठरणार होतं. हे मी फक्त माझ्या मैत्रिणीला सांगितलं. ती बौद्धवाड्यातली, आमच्या संघात सगळ्यांत उंच. मी चेंडू वर उचलून द्यायचा आणि तिनं मारायचा, असं आमचं होतं. ती म्हणाली, "मंग तू उचल. मारायचं माह्यावर सोड. पाव्हण्याले मारल्यासारखं मारतो."

झेंडावंदन झालं, भाषणं झाली आणि मग अर्धा तालुका असल्यासारखी गर्दी मैदानाभोवती बसली. बाया एका बाजूला, बापे दुसऱ्या. बाबा नुसती बंडी घालून आले होते, कारण त्यांचा सदरा माझ्या अंगात होता. कोरियाला आम्ही हरवलं, भारतानं ब्रह्मदेशाला. शेवटचा सामना भारत आणि जपान.

इथं एक घोळ झाला, जो सरांच्याही ध्यानात आला नव्हता. सगळं गाव भारताच्या बाजूनं ओरडायला लागलं. माझी सख्खी आत्यासुद्धा. चेंडू आमच्याकडे पडला की टाळ्या, त्यांच्याकडे पडला की मैदान चिडीचूप. एक म्हातारा तर म्हणाला, "ह्या जपानवाल्या पोरी कोन्या गावच्या आहेत बे?" त्यात त्याची नातही होती.

एक डाव त्यांचा झाला, एक आमचा. तिसऱ्याच्या आधी आम्ही पाणी पीत असताना सरपंच उठून आले. माणूस वाईट नव्हता. हळूच मला म्हणाले, "पोरी, आज सव्वीस जानेवारी आहे. आजच्या दिवशी आपल्याच मैदानावर भारत हारला त बरं दिसते का? जरा समजून घे."

मैत्रीण म्हणाली, "काका, मी समजून घेईन, पण माहा हात अडाणी आहे."

पलीकडून त्यांच्या पुतणीनं ऐकलं. "काका, तुमी बसा बरं. ह्या आमाले मुद्दाम जिंकू देतीन त मी घरी येनार नाही."

सरपंच तरी हलेनात. वळून बाबांना म्हणाले, "भाऊ, तुमी सांगा पोरीले."

"सांगतो," बाबा म्हणाले. ते मैदानाच्या दोरीपाशी आले. गावातच राहायचं, सरपंचाच्या विहिरीवरून पाणी घ्यायचं, बाबा काय सांगणार हे मला कळत होतं. बाबांनी आधी सदऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भारताले मी रोज पाहतो," ते म्हणाले. "आज तुले पाह्याले आलो."

एवढंच. जाऊन आपल्या जागी बसले.

तो तिसरा डाव मी आयुष्यात विसरणार नाही. पुतणीनं आम्हाला रडकुंडीला आणलं. शेवटी एका गुणाचाच प्रश्न उरला. तिनं चेंडू असा मारला, की तो आमच्या मागच्या कोपऱ्यात पडणार हे सगळ्यांना दिसलं आणि बायांनी टाळीसाठी हात उचलले. मी पळाले आणि सरांनी कधीही न पाहिलेलं जपानी लोटांगण मुरमावर घातलं. कोपरापाशी सदरा फाटला, पण चेंडू मुठीवर बसला आणि उंच गेला. कोणीतरी तो पुढं ढकलला. मैत्रिणीनं मारला. पाव्हण्याला मारल्यासारखाच.

चेंडू भारताच्या बाजूला पडला. सरपंचाच्या पुतणीनंच पहिली टाळी वाजवली. वाजंत्रीवाल्यांना काय करावं कळेना. त्यांना जिंकल्यावर वाजवायला सांगितलं होतं, कोण ते सांगितलं नव्हतं. ते वाजवायला लागले. घोषणा देणाऱ्या गुरुजींनी सवयीनं "भारतमाता की" म्हटलं, सगळ्यांनी "जय" म्हटलं, आणि मग त्या मघाच्या म्हाताऱ्यानं उठून सावकाश म्हटलं, "जपानमाता की." निम्म्या गावानं "जय" म्हणून टाकलं आणि मग हसू फुटलं. सरपंचही हसले. बक्षिसाचा पितळी तांब्या माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या बाई. पण नांदायले जपानात जाऊ नका."

घरी जाताना आत्या घुश्शातच होती. बाबांनी वाटेत तिला सांगितलं, "नांदुऱ्याच्या पाव्हण्याइले निरोप दे. पोरगी बुलढाण्याले शिकाले जाऊन राह्यली."

"काऊन? काय कमी आहे त्या घरात?"

"घरात कमी नाही. पोरगी जास्त आहे."

आईनं सदरा शिवला, धुतला, पुन्हा धुतला. काव पुरती निघालीच नाही. जूनमध्ये बाबा मला पोचवायला निघाले तेव्हा तोच सदरा घालून. एस.टी.त माझी ट्रंक टपावर चढवली आणि आम्ही पुढच्या बाकावर बसलो. मोताळ्याला मागच्या माणसानं बाबांच्या खांद्याला हात लावला.

"भाऊ, पाठीले काही लागलं तुमच्या. लाल लाल."

बाबांनी मान वळवली नाही. "लागलं नाही," ते म्हणाले. "जपान आहे. पोरीनं जिंकलं."