काटा वर आला होता

हिराजीकाका गेल्याचं मला जेवताना कळलं. वडील धाटावच्या कारखान्यातून पहिली शिफ्ट करून रोह्याला घरी आले होते, आमचं उशिराचं जेवण चाललं होतं. भात कालवता कालवता ते म्हणाले, "तुझा तो कासूकडचा मिठागरवाला गेला म्हणे. त्याचा मुलगा आमच्याच प्लँटला आहे ना, तो आज मुंडण करून कामावर आला होता." कधी गेले, विचारलं, तर म्हणाले, "तेरावं झालं सुद्धा." मला आधी राग आला. राग यायला मला फार काही लागत नाही, हे या पुरवणीचे वाचक जाणतात. मुलाचा राग आला, दोन ओळींचं पत्र न टाकणाऱ्या वस्तीचा आला. मग हात धुताना लक्षात आलं की मला कळवावं असं कुणाला वाटायचं कारणच काय होतं... दीड वर्षात मी तिकडे फिरकले नव्हते.

कासू स्टेशनावर उतरून खाडीच्या अंगाला तासभर चाललं की बांधावर अकरा घरं लागतात. सगळी मिठागरात राबणारी. त्र्याण्णव साली मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा विजेचे खांब मागच्या गावातच थांबले होते. खाऱ्या वाऱ्यात तारा टिकत नाहीत आणि एवढ्याशा घरांसाठी लाइन परवडत नाही, असं उत्तर वस्तीला तोंडपाठ होतं. घरोघरी रॉकेलची चिमणी, भिंतीवर काजळीचा पट्टा, आणि ज्या बायका दिवसभर डोळे दिपवणाऱ्या मिठात उभ्या राहायच्या त्याच संध्याकाळी त्या धुरात भाकऱ्या थापायच्या. आमच्या पेणच्या संस्थेनं देवळाच्या छपरावर सोलरची एक पाटी बसवली, पडवीत एक बॅटरी आणि दोन ट्यूब. मी तेवीस वर्षांची होते आणि माझ्या पिशवीत मीच लिहिलेली पत्रकं होती. मथळा होता, 'सूर्य फुकट आहे!'

हिराजीकाकांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते माझ्याकडून पूर्ण वाचून घेतलं आणि म्हणाले, "सूर्य फुकट? चाळीस वर्सं मी त्याच्याकडं कामाला हाय गो. तो फुकट काय देत नाय." बायका हसल्या. मला ते विरोधी मत वाटलं आणि मी तावातावानं उत्तर दिलं, काय ते आता आठवत नाही. बॅटरी सांभाळायचं काम आणि देवळाची किल्ली मात्र त्यांच्याकडेच गेली. बाकीची घरं पावसाळ्यात मिठागरं बंद झाली की भातलावणीला पांगायची. बायको गेलेली, मुलगा रोह्याला, त्यामुळे बारा महिने बांधावर राहणारे ते एकटेच.

बॅटरीसोबत एक काचेची नळी आली होती. वर रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. फुगा दाबून बॅटरीतलं पाणी आत ओढायचं. काटा वर तरंगला तर बॅटरी भरलेली, बुडाला तर उतरलेली. आमचा फिटर हे समजावत असतानाच काका म्हणाले, "आमच्या शेठकडं पन असली नळी हाय. पानी पिकलं का बगायला." मिठागरात खाडीचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हानं घट्ट करत नेतात, त्याला ते पिकणं म्हणायचे. नळीशिवायही त्यांना कळायचं, बोट बुडवून जिभेला लावायचे आणि सांगायचे, "आनखी दोन दिस." मी इतकी हरखले की पुढच्या पत्रकात त्यांच्यावर चौकट छापली. त्यांचं ज्ञान, आमचं तंत्रज्ञान वगैरे. बॅटरीच्या खोक्यात इंग्रजीत एक माहितीपत्रक होतं. ते मराठीत करायचं माझ्याकडे होतं. मी घोषणा लिहीत होते... ते राहिलं.

दुसऱ्या वर्षी शिमग्याला वस्तीनं ट्यूब बंदच केल्या नाहीत. चार दिवस नाच, सोंगं, पाहुणे. काकांनी नळी लावली तर काटा तळाला. हलक्या पाण्याचं काय करायचं हे मिठागरात राबणाऱ्या कुणालाही विचारा: त्यात थोडं पिकलेलं पाणी सोडायचं. त्यांनी तेच केलं. वाफ्यातलं घट्ट खारं पाणी पेल्यानं आणून बॅटरीच्या सहाही तोंडांत ओतलं. काटा लगेच वर आला. ते खूश झाले, दोघांना बोलावून दाखवलंही. तिसऱ्या दिवशी ट्यूब लागली नाही आणि पडवीत नाकाला झोंबणारा वास सुटला.

मी पोचले आणि सगळ्या वस्तीसमोर ओरडले, "बॅटरीत मीठ? एवढं साधं कळू नये तुम्हाला?" ते देवळाच्या पायरीवर बसले होते. एवढंच म्हणाले, "काटा वर आलेला गो..." मागून कुणीतरी म्हणालं, "आता कापनी कर हिराजी, बॅटरीत मीठ पिकलं असंल!" तेव्हापासून ती चेष्टा त्यांना चिकटली. कुणाला जेवण अळणी लागलं की 'हिराजीला बोलवा' म्हणायचे. तेही हसायचे. मला ते हसू बघवायचं नाही. कारण चूक कुणाची हे परतीच्या वाटेवर, स्टेशन येण्याआधीच, मला कळलं होतं.

दुसरी बॅटरी यायला वर्ष गेलं. वर्षभर पुन्हा चिमण्या. किल्ली घ्यायला कुणी पुढे होईना, तेव्हा काकांनीच हात पुढे केला. आता ते दर शनिवारी पाणी बघायचे आणि पडवीच्या भिंतीवर कोळशानं सहा रेघा ओढायचे, एका तोंडाची एक. बॅटरीचं पाणी, म्हणजे क्षार काढलेलं, विकत मिळायचं ते पेणच्या पेट्रोल पंपावर. कॅन घेऊन बांधावरून कासू, कासूहून पेण, तसंच परत. "रॉकेल सोडवायला निगाली आनि मला पेट्रोल पंपावर धाडते," म्हणायचे. "तुज्या कागदात हे लिवलंस का?"

मग निवडणुकीच्या तोंडावर खांब आले. खाऱ्या वाऱ्याचं काय झालं, कुणी विचारलं नाही. घरोघरी बल्ब लागले, एका घरात टीव्ही आला आणि सगळी वस्ती तिकडे गेली. मी तिथे भांडायला गेले. ही वीज कुठेतरी कोळसा जाळून येते, तिथल्या शेतांवर राख पडते, हे सांगितलं. एक बाई म्हणाली, "ताई, तुमच्या पाटीवर टीवी चालतो काय?" नव्हता चालत. दोन ट्यूब देऊन आम्ही क्रांती छापली होती. कोळशावरचा माझा राग आजही तसाच आहे, पण त्या बाईवर मी का चिडले होते?

पडवीत आता काका एकटेच बसायचे. शेवटची भेट तिथलीच. उन्हं कलली होती, ट्यूब आधीच लावलेली. म्हणाले, "बस. मानसां येत नाय आता." मी घड्याळ बघितलं, मला गाडी गाठायची होती. त्यांनी कानावर आलेलं सांगितलं: आम्ही पाटी बसवलेल्या पलीकडच्या खाडीवरच्या वस्तीतही कुणीतरी बॅटरीत पिकलेलं पाणी ओतलं होतं. "तुला सांगितलेलं ना, छाप म्हनून. माजं नाव टाक. हिराजीनं केलं, तुमी करू नका. हसतील तर मला हसतील, पन त्यांची बत्ती जानार नाय." त्यांनी हे वर्षापूर्वीही सांगितलं होतं, खरं आहे. मी छापलं नव्हतं. यशोगाथेत ते बसत नव्हतं. "या वेळी नक्की," मी म्हणाले आणि उठले. दहा मिनिटं बसले असेन. तुमची चूक नव्हती, माझी होती, हे वाक्य मी बांधावरून चालत जाताना म्हटलं. ऐकायला तिथे कुणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात जाऊन आले. देवळाची किल्ली शेजारच्या घरी होती. बाई म्हणाली, "तिकडं कोन जातंय आता." पडवीतली भिंत कोळशाच्या रेघांनी छपरापर्यंत भरली आहे, सहा-सहाचे घोस, वरची जागा संपली म्हणून खाली, अगदी जमिनीपाशी बसून ओढलेले. एकही शनिवार गाळलेला दिसला नाही. खुंटीला नळी, कोपऱ्यात पंपावरचा कॅन, अर्धा. बटण दाबलं, तर ट्यूब लागली... त्या रिकाम्या पडवीत, भर दुपारी. मी सहाही झाकणं उघडली. पाणी थोडं खाली गेलं होतं, ते कॅनमधून भरलं. चुलीतला कोळसा मागून आणला आणि त्यांच्या शेवटच्या घोसाशेजारी सहा रेघा ओढल्या. माझ्या वाकड्या आल्या.

आणि हे, उशिरानं, त्यांनी सांगितलं तसं: बॅटरीचा काटा खाली गेला तर दिवे बंद ठेवा, पाटीला ऊन लागू द्या, वाट बघा. पाणी कमी झालं तर बॅटरीचंच पाणी घाला. खारं पाणी घालू नका. काटा वर येतो, पण बॅटरी मरते. कासूच्या खाडीवरच्या हिराजीनं हे एकदा केलं होतं, कारण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.